परीक्षेआधीची परीक्षा : रमाबाई रानडे आणि परिचारिकेचा व्यवसाय

हैदराबादच्या दिलसुखनगर भागात मेट्रोच्या खांबांखालून चालू लागले की दोन्ही बाजूंच्या इमारतींवर शिकवणी वर्गांचे फलक एकावर एक चढलेले दिसतात. आतल्या गल्ल्यांत वसतिगृहे आहेत. गावोगावची मुले-मुली तिथे एकेका खाटेपुरती जागा घेऊन परीक्षांची तयारी करतात. त्यांत परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलीही असतात. कोणाला सरकारी रुग्णालयातील नेमणूक हवी असते, तर कोणाची नजर परदेशातील परवान्याकडे असते. अमेरिकेतील परिचारिकेच्या परवान्यासाठी एनक्लेक्स ही परीक्षा द्यावी लागते. एप्रिल २०२३ पासून तिचे स्वरूप पालटले. पाच तासांच्या मुदतीत संगणक उमेदवाराला किमान ८५ आणि कमाल १५० प्रश्न विचारतो. पाठ केलेल्या माहितीपेक्षा निर्णयशक्तीला त्यात अधिक महत्त्व आहे. रुग्णाच्या नोंदी समोर ठेवल्या जातात. त्यांतील कोणती खूण धोक्याची, तिचा अर्थ काय, आधी कशाकडे धाव घ्यायची, कोणते उपाय शक्य आहेत, त्यांतला कोणता करायचा आणि केलेला उपाय लागू पडला की नाही, अशा सहा पायऱ्यांनी उमेदवाराची पारख होते.

आज एखाद्या मराठी घरातील मुलगी या परीक्षेचा अर्ज भरते, तेव्हा घरात चर्चा होते ती शुल्काची आणि निकालाची. शंभर वर्षांपूर्वी चर्चेचा विषय वेगळा असता. चांगल्या घरची स्त्री परक्या माणसाच्या रोगी देहाला हात लावीलच कशी, हा तो प्रश्न होता. त्याचे उत्तर महाराष्ट्रापुढे ठेवण्याचे काम ज्या मोजक्या व्यक्तींनी केले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी आहे. त्या स्वतः परिचारिका नव्हत्या आणि त्यांनी वैद्यकाची कोणतीही पदवी घेतलेली नव्हती. मात्र मराठी स्त्रीला परिचारिकेच्या परीक्षेच्या दालनापर्यंत नेणारी वाट त्यांनी आपल्या प्रतिष्ठेचे मोल देऊन तयार केली.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे घरात मुलींना अक्षरओळख करून देण्याची प्रथा नव्हती. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. माधवराव तेव्हा एकतीस वर्षांचे, नामांकित विद्वान आणि सुधारणावादी पक्षाचे आशास्थान होते. त्यांची पहिली पत्नी त्याच वर्षी निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा गृहस्थ आता स्वतः विधवेशी विवाह करील, अशी मित्रांची अपेक्षा होती. वडिलांच्या आग्रहापुढे माधवरावांनी मान तुकवली आणि कुमारिकेशी लग्न केले. त्याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका दीर्घकाळ विसरली गेली नाही.

ज्या लग्नाने सुधारकांची निराशा झाली, त्याच लग्नातून महाराष्ट्राला एक कर्ती स्त्री मिळाली, हा इतिहासातला योगायोग. माधवरावांनी पत्नीला स्वतः लिहायला-वाचायला शिकवले. पुढे मराठीसाठी आणि इंग्रजीसाठी शिकवणीची व्यवस्था केली. पतीचा आग्रह एका बाजूला आणि घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष दुसऱ्या बाजूला, अशा कात्रीत रमाबाईंची पहिली वर्षे गेली. टोमणे आणि अबोला हे रोजचेच होते. त्यांनी घर तोडले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. उलट उत्तर न देता आपले काम चालू ठेवण्याची जी सवय त्यांना या दिवसांत लागली, तीच पुढे संस्था चालवताना त्यांचे सर्वांत मोठे बळ ठरली.

माधवरावांच्या बदल्यांबरोबर नाशिक, धुळे अशी गावे त्यांनी पाहिली. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाजाची स्थापना झाली. रमाबाई रानडे त्या सभांना जाऊ लागल्या, तेव्हा घरात वादळ उठले. पुण्यात मुलींसाठी हायस्कूल असावे या मागणीच्या सभेत त्यांनी मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर इंग्रजीत मानपत्र वाचले. १८८४ साली ती शाळा सुरू झाली. हुजूरपागा या नावाने ती आजही प्रसिद्ध आहे. सून पुरुषांच्या सभेत इंग्रजी वाचून आली, याची किंमत रमाबाईंना घरी चुकवावी लागली. पुढे १८९३ मध्ये माधवराव मुंबईच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि रमाबाईंचे सार्वजनिक काम मुंबईतील स्त्रियांच्या मंडळांत विस्तारले.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई पुण्याला परतल्या. वय अवघे एकोणचाळीस. उच्चवर्णीय विधवेने घराच्या कोपऱ्यात उरलेले आयुष्य काढावे, अशी समाजाची धारणा. वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. त्यानंतर त्या बाहेर पडल्या, त्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना आणि रुग्णालयातल्या रोग्यांना भेटण्यासाठी. रोग्याच्या खाटेपाशी बसणे, त्याची विचारपूस करणे हे काम त्यांनी संस्था काढण्यापूर्वीच स्वतः सुरू केले होते.

रुग्णसेवेचा वसा पुण्याला अपरिचित नव्हता. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा केली आणि त्याच साथीत १० मार्च रोजी देह ठेवला. त्यासाठी त्यांच्याजवळ ना प्रशिक्षण होते ना प्रमाणपत्र. पण अशा त्यागातून दरवर्षी शंभर परिचारिका तयार होत नाहीत. त्याला शिक्षण, वसतिगृह, वेतन आणि परीक्षा यांची घडी बसवावी लागते. हे काम सेवासदनाने हाती घेतले.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन स्थापन केले आणि रमाबाई त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुण्याचे सेवासदन उभे राहिले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे त्यांचे प्रमुख सहकारी. इथे एक धागा नोंदवण्याजोगा आहे. गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रस्तावना होती. आधुनिक परिचर्येचा पाया घालणारी ती विदुषी आणि पुण्यातली ही संस्था यांच्यात अंतर होते ते एवढेच.

सेवासदनाचा क्रम शहाणपणाचा होता. आलेल्या स्त्रियांपैकी अनेकजणी विधवा किंवा परित्यक्ता आणि बहुतेक जणी अल्पशिक्षित. म्हणून प्रथम प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग, मग शिवणकाम, शिक्षिकांचे प्रशिक्षण आणि त्यापुढे परिचारिका व सुईणीचे शिक्षण अशी शिडी उभी राहिली. परिचर्येच्या शिक्षणासाठी स्त्रियांना ससून रुग्णालयात पाठवले जाऊ लागले. १८६७ पासून पुण्यात रोग्यांची सेवा करणाऱ्या या रुग्णालयाच्या आश्रयाने त्यांच्या राहण्याचीही सोय झाली.

विरोधाची कारणे समजून घेतली म्हणजे या पावलाचे वजन कळते. त्या वेळी हिंदुस्थानात प्रशिक्षित परिचारिका बहुतांशी युरोपीय, अँग्लो-इंडियन किंवा ख्रिस्ती असत. हिंदू घरांत बाळंतपणाची जबाबदारी सुईणीची असे आणि तिला मान नसे. रुग्णालयात सर्व जातींच्या रोग्यांना स्पर्श करावा लागे, मलमूत्र उचलावे लागे, पुरुष रोग्यांजवळ जावे लागे, रात्रपाळी करावी लागे. यांतली एकेक गोष्ट सोवळ्या घरातून मुलीचे नाव कापून टाकायला पुरेशी होती. अशा वेळी घरच्यांना कोणाच्या तरी शब्दाचा आधार लागे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी या संस्थेच्या प्रमुख आहेत, त्या स्वतः रुग्णालयात जातात, हाच तो आधार. रमाबाईंचे राहणे साधे आणि परंपरेला धरून होते. त्यांच्यावर उच्छृंखलपणाचा आरोप करणे टीकाकारांनाही अवघड होते. याच सावधपणामुळे त्यांच्या कामाला मर्यादाही पडली. आरंभीच्या काळात सेवासदनाकडे वळलेला वर्ग प्रामुख्याने उच्चवर्णीय मध्यमवर्गाचा होता. समाजाच्या सर्व थरांतील मुलींसाठी हा मार्ग खुला व्हायला आणखी काळ जावा लागला.

परिचर्येला प्रतिष्ठा नसण्याच्या त्या दिवसांतला एक प्रसंग पुण्याच्या आठवणीत टिकून राहिला. सेवासदनाच्या वार्षिक समारंभात बक्षीस घेण्यासाठी एक विधवा व्यासपीठाकडे निघाली. तिचा पारंपरिक विधवावेश पाहून सभागृहातल्या तरुण विद्यार्थ्यांनी टर उडवली. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या. आयुष्यभर संयम पाळणारी ही स्त्री त्या दिवशी संतापली. ज्यांना आपल्याच अभागी भगिनीला हसावेसे वाटते त्यांना सुशिक्षित तरी कसे म्हणावे, अशा आशयाचे खडे बोल त्यांनी सुनावले आणि हसणाऱ्यांच्या स्वतःच्या घरीही अशी एखादी बहीण किंवा आई असेल याची जाणीव करून दिली. सभागृह स्तब्ध झाले.

त्या काळात परिचारिकेची पारख कशी करावी, हा प्रश्न जगभर वादाचा झाला होता. नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू केली. तरीही परीक्षा घेऊन परिचारिकांची सार्वजनिक नोंदवही करण्यास त्यांचा विरोध होता. कागदावरच्या उत्तरांवरून स्वभाव, सचोटी आणि रोग्याकडे पाहण्याची नजर मोजता येत नाही, असे त्यांचे मत. उलट एथेल फेनविक यांचे म्हणणे असे की, सर्वत्र सारखे प्रशिक्षण आणि सारखी परीक्षा असल्याखेरीज रोग्याला खरी आणि खोटी परिचारिका ओळखता येणार नाही. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनमध्ये तो १९१९ मध्ये झाला. फेनविक यांचा पक्ष जिंकला. पण नाइटिंगेल यांची शंकाही निकालात निघाली नाही. परीक्षेतून ज्ञानाबरोबर निर्णयशक्ती कशी तपासावी, याचा शोध आजतागायत चालू आहे तो त्याच शंकेमुळे.

ससूनच्या कक्षात शिकणाऱ्या स्त्रीला या वादाची खबर असो वा नसो, दोन्ही बाजूंचे सत्य तिच्या रोजच्या कामात होते. तापाची नोंद अचूक ठेवणे हे ज्ञान. तोच ताप मध्यरात्री एकाएकी उतरून रोग्याचे अंग गार पडले, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना उठवणे हा निर्णय. बाळंतिणीचा रक्तस्राव नेहमीचा की जिवावरचा, हे ओळखण्यात क्षणाचाही उशीर परवडत नाही. घरात ज्यांना मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, त्या स्त्रियांवर असे निर्णय घेण्याची जबाबदारी आली. परिचर्येच्या शिक्षणाने त्यांना मिळालेली ही सर्वांत मोठी गोष्ट होय, कारण पोटापाण्याची सोय इतर कामांनीही होऊ शकली असती.

अखेरच्या वर्षांत रमाबाईंनी पुण्यात मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी चळवळ केली. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून १९२१-२२ मध्ये त्या पुढे आल्या. पतीच्या सहवासाच्या त्यांनी लिहिलेल्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या होत्या आणि मराठी आत्मकथनांत त्यांना मानाचे स्थान आहे. एप्रिल १९२४ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. १९६२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

त्यांच्या पश्चात या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान मिळत गेले. मुंबई प्रांतात परिचारिका, सुईणी आणि आरोग्यसेविका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये झाला. स्वतंत्र भारतात १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली आणि शिक्षणाच्या समान दर्जाची जबाबदारी तिच्याकडे गेली. रमाबाईंच्या हयातीत परिचारिका होणे हे कलंकाला आमंत्रण होते. आज तोच व्यवसाय गोमंतकातल्या, महाराष्ट्रातल्या आणि तेलंगणातल्या असंख्य घरांचा आधार आहे आणि परदेशी निघालेल्या मुलीचे कौतुक होते.

दिलसुखनगरच्या वसतिगृहात रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. चार रोग्यांपैकी कोणाला आधी पाहायचे, हा सरावाचा प्रश्न सोडवणाऱ्या मुलीला रमाबाईंचे नाव ठाऊक असेलच असे नाही. तिच्या उत्तराला योग्य किंवा अयोग्य असा शेरा मिळेल. उत्तर चुकले तर तिला पुन्हा परीक्षेला बसता येईल. सेवासदनातून ससूनकडे निघालेल्या पहिल्या स्त्रियांना मात्र अशी दुसरी संधी नव्हती. त्यांचे पाऊल चुकले असते, तर त्यांच्यामागून येणाऱ्या सगळ्यांचा रस्ता बंद झाला असता.