विश्लेषण : जन्माने अमेरिकी, पण ब्रिटिश पासपोर्टमुळे फाशी, कोण होता ‘लॉर्ड हॉ-हॉ’?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन रेडिओवरून ब्रिटनविरोधी प्रचार करणाऱ्या विल्यम जॉइसला ३ जानेवारी १९४६ रोजी लंडनच्या वाँड्सवर्थ तुरुंगात फाशी देण्यात आली. ब्रिटनमध्ये तो ‘लॉर्ड हॉ-हॉ’ या टोपणनावाने ओळखला जाई. आरोप होता राजद्रोहाचा. मात्र जॉइस ब्रिटिश नव्हताच, हे खटल्यातच सिद्ध झाले होते. मग शिक्षा झाली कशी?

जॉइस कोण होता?
त्याचा जन्म १९०६ मध्ये न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. आयरिश वडिलांनी १८९४ मध्येच अमेरिकी नागरिकत्व घेतले होते. तो लहान असताना कुटुंब आयर्लंडमधील गॉलवेला परतले आणि पुढे इंग्लंडला गेले. तिथे तो ऑस्वाल्ड मोझलीच्या फॅसिस्ट पक्षात सामील झाला.

पासपोर्ट कसा मिळाला?
१९३३ मध्ये त्याने अर्जात जन्मस्थान गॉलवे असे खोटे लिहिले. १९०६ मध्ये आयर्लंड ब्रिटनच्याच ताब्यात होते. त्यामुळे तिथे जन्मलेली व्यक्ती ‘ब्रिटिश प्रजाजन’ ठरत असे. पासपोर्ट मिळाला. २४ ऑगस्ट १९३९ रोजी त्याने त्याची मुदत वाढवून घेतली आणि काही दिवसांतच जर्मनी गाठली. सप्टेंबर १९४० मध्ये तो जर्मन नागरिक झाला.

न्यायालयाने काय ठरवले?
मे १९४५ मध्ये तो जर्मनीत पकडला गेला. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात त्याच्यावर तीन आरोप ठेवण्यात आले. त्यातील दोन तो ब्रिटिश असल्याच्या गृहीतकावर होते. ते टिकले नाहीत. तिसऱ्याचा आधार पासपोर्ट होता. पासपोर्टधारकाला परदेशातही ब्रिटिश राजसत्तेचे संरक्षण मागता येते. त्या बदल्यात त्याने राजनिष्ठा पाळायला हवी, असा युक्तिवाद मान्य झाला. म्हणून जुलै १९४० मध्ये पासपोर्टची मुदत संपेपर्यंतचीच भाषणे गुन्हा ठरली. हाउस ऑफ लॉर्ड्सनेही चार विरुद्ध एक मताने शिक्षा कायम केली.

अर्थ काय?
पासपोर्टमुळे जॉइस ब्रिटिश झाला नाही. पण पासपोर्टसोबत येणारी जबाबदारी त्याला टाळता आली नाही. खोटी माहिती देऊन मिळवलेला पासपोर्ट असूनही ती त्याच्यावर राहिली. १९७६ मध्ये त्याचे अवशेष लंडनहून हलवून पुन्हा दफन करण्यात आले, तेही गॉलवेमध्येच.