बटण लावायला शिकवणारी विद्या

मूल पाच वर्षांचे होते, पण हाक मारली तरी वळून बघत नाही. शर्टाची कॉलर मानेला लागली की किंचाळते. फिरत्या पंख्याकडे मात्र तासन्‌तास बघत बसते. घरातली वडीलधारी मंडळी आधी अंगारा सुचवतात, मग आईच्या लाडांना दोष देतात. सोलापुरातल्या अशा आईबापांना अखेर दवाखान्यात ‘स्वमग्नता’ हा शब्द कळतो. शेजारचे एका जागी न ठरणारे पोर असेल, तर ‘अतिचंचलता’. चिठ्ठीवर गोळ्यांऐवजी ‘ऑक्युपेशनल थेरपी’, म्हणजे व्यवसायोपचार, लिहिलेले असते. एवढ्याशा मुलाला कसला व्यवसाय? तर जेवणे, कपडे घालणे आणि खेळणे, हाच त्याचा व्यवसाय.

ही विद्या भारतात रुजवणाऱ्या बाई जन्माने अमेरिकन, पण आडनावाने निंबकर होत्या.

एलिझाबेथ लंडी यांचा जन्म १९०० सालचा, क्वेकर कुटुंबातला. साधेपणा आणि सेवा यांचा आग्रह धरणारा हा ख्रिस्ती पंथ. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात त्या शिकल्या. पुढे विष्णू निंबकर या मराठी तरुणाशी १९३० मध्ये लग्न करून त्या कमला निंबकर झाल्या. परक्या देशात येऊन संसार थाटला, एवढ्यावरच त्यांची गोष्ट संपली असती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण चाळिशी उलटल्यावर बाई पुन्हा विद्यार्थिनी झाल्या! फिलाडेल्फियाच्या संस्थेत व्यवसायोपचाराचे शिक्षण घेऊन त्या परतल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातली पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली.

तेव्हा पोलिओचा काळ होता. शस्त्रक्रियेने हात वाचला, ताप उतरला, की रुग्ण बरा होऊन घरी जाई. पण त्याच हाताला नाडीची गाठ मारता येत नसे, त्याचे काय? कमलाबाईंची विद्या तिथून सुरू होई. माग, रंधा, माती ही त्या काळी या उपचाराची साधने. ज्या शहराचे पोट मागावर चालले, त्या सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको.

स्वमग्नतेचे वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्येच केले होते, पण इथे अशा मुलांना वेडे ठरवून मोकळे होण्याची रीत होती. कमलाबाईंच्या कामाचा भर शारीरिक अपंगत्वावर राहिला. पुढे जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी स्पर्श, तोल आणि हालचाल मेंदूत कशी जुळते, याचा अभ्यास १९७२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. आज उपचाराच्या खोलीत झोपाळा, मोठा चेंडू, डाळीने भरलेले घमेले दिसते, ते या वाटेने आलेले. स्वमग्नता त्याने नाहीशी होत नाही. चार-सहा महिन्यांच्या खटपटीनंतर मूल आपल्या हाताने एक घास खाते, एक बटण लावते. ज्या घरात हे घडते, त्या घरालाच त्याची किंमत कळते.

कमलाबाईंनी १९५२ मध्ये व्यवसायोपचार तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना उभी केली. त्याच वर्षी जागतिक संघटना स्थापन करणाऱ्या दहा देशांत भारताचे नाव लागले. बाई १९७९ मध्ये गेल्या. सोलापूर जिल्ह्याच्या शिवेला लागून असलेल्या फलटणला, जिथे त्यांचे चिरंजीव शेतीसंशोधनात रमले, त्यांच्या नावाची शाळा आहे. स्वमग्नतेला कायद्यात जागा मिळाली १९९९ मध्ये. व्यवसायोपचार तज्ज्ञांचा समावेश असलेला राष्ट्रीय आयोगाचा कायदा मात्र व्हायला २०२१ साल उजाडले.