रेमडेसिव्हिर विरघळवणारं ‘साखरेचं कडं’. कोण होते फ्रान्झ शार्डिंगर?

इगतपुरी : तालुक्यात पिकणाऱ्या भातात जो स्टार्च असतो, त्याच स्टार्चपासून औषधं विरघळवणारे रेणूही तयार होतात. त्यांना सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणतात. या शोधाचा पाया घातला फ्रान्झ शार्डिंगर (१८५३-१९२०) यांनी.

व्हिएन्नातील अन्नतपासणी प्रयोगशाळेत ते बिघडलेलं अन्न तपासत. तिथे त्यांना उष्णतेतही तग धरणारे जिवाणू सापडले. अशा जिवाणूंनी स्टार्चचे स्फटिक बनवले. फ्रान्सच्या व्हिलिए यांना असे स्फटिक १८९१ मध्येच मिळाले होते. पण शार्डिंगर यांनी आयोडीनच्या रंगावरून त्यांचे अल्फा आणि बीटा हे दोन प्रकार वेगळे केले. १९११ नंतर मात्र त्यांनी हे काम इतरांवर सोपवलं.

हे रेणू कड्यासारखे असतात, हे त्यांच्या मृत्यूनंतर, १९३० च्या दशकात उलगडलं. अल्फात ग्लुकोजचे ६ घटक, बीटात ७. कड्याची बाहेरची बाजू पाण्यात मिसळते, तर आतल्या पोकळीत पाण्यात न विरघळणारं औषध बसतं.

२०२१ मध्ये ज्या रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक रांगा लावत होते, ते पाण्यात नीट विरघळत नाही. त्या इंजेक्शनमध्येही बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनपासून बनवलेला घटक असतो. शार्डिंगर यांना मात्र त्या कड्याचा आकारही कधी कळला नाही.