थोर शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन

(इयत्ता ४ थी)

लॉर्ड केल्व्हिन यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. त्यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट या गावी झाला. ते ६ वर्षांचे असताना त्यांची आई वारली. वडील गणित शिकवत. त्यांनी मुलांना घरीच शिकवले. पुढे सगळे स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात राहायला गेले. तिथे विल्यम १० व्या वर्षी विद्यापीठात जाऊ लागले. म्हणजे आपल्याएवढेच होते, बरं का! २२ व्या वर्षी ते तिथेच प्राध्यापक झाले आणि ५३ वर्षे त्यांनी शिकवले.

उष्णता हा त्यांचा आवडता विषय होता. उणे २७३ अंशांच्या खाली थंडी जात नाही. तिथे शून्य धरून उष्णता मोजायची रीत त्यांनी १८४८ साली काढली. त्या मापाला आज केल्व्हिन म्हणतात. १८६६ साली समुद्राच्या तळातून अमेरिकेपर्यंत तार टाकली, त्यातही त्यांनी फार काम केले. १८९२ साली ते लॉर्ड झाले. केल्व्हिन हे ग्लासगोमधल्या नदीचे नाव आहे, तेच त्यांनी घेतले.

आता त्यांच्या मोठ्या गणिताची गोष्ट. खाणीत खोल जावे तसे जास्त गरम होते. म्हणजे पृथ्वीचे पोट गरम आहे. आपल्या ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडे आहेत. तेही पाणी जमिनीतल्या उष्णतेनेच तापते. केल्व्हिन यांना वाटले, पृथ्वी आधी तापलेला गोळा होती आणि मग निवत गेली. उकडलेला बटाटा किती निवला यावरून तो कधी काढला ते आईला कळते, तसेच हे. त्यांनी १८६२ साली हिशोब केला. पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षे आले. नंतर तर ते २ ते ४ कोटीच म्हणू लागले. डोंगर आणि खडक पाहणाऱ्यांना एवढी वर्षे कमी वाटत होती. पण केल्व्हिन एवढे मोठे, त्यांचे गणित कोण चूक म्हणणार?

जॉन पेरी यांनी म्हटले. ते पूर्वी केल्व्हिन यांच्या हाताखाली काम करत होते. १८९५ साली त्यांनी दाखवले की, पृथ्वीचे पोट बटाट्यासारखे घट्ट धरले तिथेच चूक आहे. आमटी ढवळली की खालची गरम आमटी वर येते आणि वरचा थर लवकर निवत नाही. पृथ्वीच्या आतही खालचे गरम वर येत असेल, तर ती पुष्कळ जुनी असू शकते. केल्व्हिन यांना हे पटले नाही.

मग १९०३ साली पिएर क्यूरी यांना दिसले की, रेडियम आपोआप उष्णता देते. पृथ्वीच्या पोटातही युरेनियम, थोरियम असे पदार्थ आहेत. राखेखाली निखारा असला की चूल सकाळपर्यंत गरम राहते, तसे ते पृथ्वीला ऊब देतात. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरतात. आतले खडक फार हळू सरकतात आणि उष्णता वर आणतात, हेही आता कळले आहे. पृथ्वी अजून निवतेच आहे, पण अगदी सावकाश.

१७ डिसेंबर १९०७ रोजी केल्व्हिन वारले. लंडनला न्यूटन यांच्या जवळच त्यांना पुरले आहे.

केल्व्हिन यांची बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. आधी जे धरले तेच चुकले होते. मागे एकदा आमच्या वर्गात फळ्यावर गणितातला आकडा चुकीचा उतरला होता. मला तो दिसला, पण मी भीतीने बोलले नाही. सगळ्या वर्गाचे उत्तर चुकले. आता मी पेरींसारखे नम्रपणे सांगणार आहे.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझा नमस्कार!