आडव्या इंजिनाचा हट्टी माणूस : जे. वॉल्टर ख्रिस्टी

इंजिन आडवं बसवायचं आणि ताकद पुढच्याच चाकांना द्यायची, ही मांडणी आपल्याकडे मारुती ८०० ने घराघरात आणली. व्हायवाला विचारलं की ही कल्पना कोणाची, तर आपण १९५९ ची मिनी आणि अलेक इसिगॉनिस ही दोन नावं सांगून मोकळे होतो. उत्तर चूक नाही, पण अर्धवट आहे. मिनीच्या पंचावन्न वर्षं आधी एका अमेरिकन माणसाने अशीच गाडी बांधली होती आणि ती घेऊन तो थेट शर्यतीत उतरला होता. पुढे त्याच माणसाच्या सस्पेन्शनवर रशियाचा टी-३४ रणगाडा धावला. टी-३४ आपल्याला माहीत असतो, जॉन वॉल्टर ख्रिस्टी माहीत नसतो.

ख्रिस्टीचा जन्म ६ मे १८६५ चा, न्यू जर्सीतला. सोळाव्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या डेलामेटर आयर्न वर्क्समध्ये कामाला लागला. हा साधासुधा कारखाना नव्हता. अमेरिकन यादवी युद्धातल्या मॉनिटर या चिलखती जहाजाचं इंजिन इथलं, जॉन हॉलंडची एक सुरुवातीची पाणबुडीही इथेच बांधली गेली. दिवसभर लोखंडाशी झटापट करायची आणि कूपर युनियनमध्ये जाऊन शिकायचं, असं त्याचं शिक्षण झालं. पुढे त्याने युद्धनौकांवरच्या तोफांच्या बुरुजांची भलीमोठी वर्तुळाकार बैठक तासण्याचं यंत्र बनवलं आणि त्यावर बऱ्यापैकी नाव आणि पैसा मिळवला. चाळिशीला आलेला माणूस एव्हाना स्थिरस्थावर होतो. हा गाड्यांच्या नादाला लागला!

१९०४ मध्ये त्याची पहिली पुढच्या चाकांवर चालणारी गाडी तयार झाली. मांडणी अशी, की इंजिन आडवं आणि क्रँकशाफ्ट जवळजवळ पुढच्या आसाच्याच जागी. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्लच आणि तिथून थेट चाकं. चेन नाही, लांबलचक प्रोपेलर शाफ्ट नाही, डिफरन्शियलही नाही. कंपनीचं नावच त्याने डायरेक्ट ॲक्शन असं ठेवलं होतं. म्हणजे टॉप गिअरमध्ये इंजिनाचा एक फेरा तो चाकाचा एक फेरा. चाकाचा घेर अडीच मीटर धरा. इंजिन मिनिटाला १००० फेरे फिरलं की गाडी ताशी १५० किलोमीटरवर. त्या काळची संथ, अवाढव्य इंजिनं पाहता हे गणित कागदावर अगदी छान बसत होतं.

पण कागदावर गाडी उभी असते, रस्त्यावर ती वेग घेते. इथे थोडं डायनॅमिक्स, कंटाळू नका. १००० किलोची गाडी घ्या. व्हीलबेस २.५ मीटर, सीजी जमिनीपासून अर्धा मीटर, उभी असताना पुढच्या चाकांवर ६०० किलो भार. आता तिला अर्ध्या जी ने पळवा. १००० गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले २.५, म्हणजे १०० किलो भार पुढून उचलला जाऊन मागे गेला. पुढे राहिले ५००. ओढायलाही ५०० किलोचाच जोर लागतो, म्हणजे घर्षणाचा गुणांक १ पाहिजे. यापेक्षा जास्त ॲक्सिलरेटर दाबलात तर चाकं जागेवर गरगरणार. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हाच सरकलेला भार फुकटचा फायदा देतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं मात्र असं, की नेमका जोर लागतो तेव्हाच पाय घसरतो.

पाव मैलाच्या सरळ ड्रॅग शर्यतीत फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्या उतरवणारे लोक आज याच भुताशी झगडतात. त्यांच्या गाडीच्या मागे दोन लांब दांडे आणि टोकाला छोटी चाकं दिसतात, ते व्हीली बार. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ते नाक हवेत जाऊ नये म्हणून असतात. इथे काम वेगळं. मागे सरकणारा भार मागच्या टायरऐवजी आणखी एक मीटर मागे असलेल्या त्या चाकांनी झेलला, तर वरच्या भागाकारात २.५ च्या जागी ३.५ येतात आणि १०० किलोचे साधारण ७१ होतात. वाचलेले २९ किलो पुढच्या टायरवरच राहतात. त्यासाठी मागचं सस्पेन्शनही कडक ठेवतात, म्हणजे गाडी मागे बसत नाही आणि नाक वर जाऊन सीजी उंचावत नाही. एक गैरसमज मात्र आपल्या वर्कशॉपमध्येही ऐकू येतो, की स्प्रिंग कडक केली की भार सरकतच नाही. सरकतो. किती सरकणार हे उंची, व्हीलबेस आणि प्रवेग ठरवतात. स्प्रिंग फक्त गाडी किती आणि किती लवकर झुकते ते ठरवते.

ख्रिस्टीजवळ यातलं काही नव्हतं. त्याचा उपाय दांडगा होता : १९०५ मध्ये त्याने गाडीच्या मागच्या बाजूलाही एक इंजिन बसवलं आणि चारही चाकं चालवून पाहिली. त्याच वर्षी लाँग आयलंडच्या व्हँडरबिल्ट कप शर्यतीत तो गाजला, पण भलत्याच कारणाने. इटलीचा व्हिन्चेन्झो लान्चिया (हो, पुढे ज्याच्या नावाच्या गाड्या निघाल्या तोच) सर्वांत पुढे होता. थांबा घेऊन तो रस्त्यावर येतो न येतो तोच ख्रिस्टीची गाडी येऊन धडकली. लान्चियाची हातातली शर्यत गेली.

१९०७ साली ख्रिस्टी गाडी घेऊन फ्रान्समध्ये दिएपला, ग्रां प्रीला गेला. इंजिन चारच सिलिंडरचं, पण बोअर १८५ मिलिमीटर आणि स्ट्रोकही तेवढाच. हिशेब करून बघा, जवळजवळ २० लिटर येतात. ग्रां प्रीच्या इतिहासात याहून मोठं इंजिन आलेलं नाही. दहा फेऱ्यांच्या शर्यतीत ही गाडी निम्म्या अंतराच्या आसपासच बाद झाली. जिंकला फियाटचा नाझारो. त्याच सप्टेंबरात पिट्सबर्गच्या शर्यतीत ख्रिस्टीला जबर अपघात झाला. पुढे बार्नी ओल्डफिल्ड हा त्या काळचा हिरो ख्रिस्टीची गाडी गावोगावच्या ट्रॅकवर पळवून गर्दी खेचत राहिला. ख्रिस्टीने स्वतः १९०९ मध्ये आडव्या इंजिनाची टॅक्सी काढली, तीही चालली नाही.

गंमत म्हणजे पुढच्या चाकांचा हा ड्राइव्ह जिथे खरोखर कामी आला ती जागा शर्यतीची नव्हतीच. शहरांच्या अग्निशमन दलांकडे वाफेचे उत्तम पंप होते, पण ते ओढायला घोडे. ख्रिस्टीने दोन चाकांचा ड्राइव्ह आणि इंजिन असा एक पुढचा तुकडा बनवला; घोडे सोडायचे, हा जोडायचा. पंपाचं वजन मागे, ओढणारी चाकं पुढे. असे काही शे तुकडे विकले गेले. आमच्या मते त्याच्या आयुष्यातलं सर्वांत शहाणं डिझाइन हेच, कारण गिऱ्हाइकाला काय हवं हे त्याने इथे ऐकून घेतलं.

पहिल्या महायुद्धाबरोबर तो सैन्याच्या कामाकडे वळला आणि हे ऐकून घेणं संपलं. त्या काळी रणगाड्याचे पट्टे फार लवकर झिजत. ख्रिस्टीचं म्हणणं, पट्टे काढून चाकांवरही पळता आलं पाहिजे. १९२८ चं त्याचं मॉडेल पाहून सगळे चाट पडले. प्रत्येक मोठं चाक स्वतंत्र आर्मवर, आणि चाकाची हालचाल हलच्या आत बसवलेल्या लांब कॉइल स्प्रिंगकडे नेलेली. त्यामुळे चाकाला वर-खाली व्हायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जागा मिळाली. इंजिन विमानाचं, लिबर्टी. पट्ट्यांवर ताशी ६८ किलोमीटर आणि चाकांवर ११० च्या वर! आपण काळाच्या पुढे आहोत याची त्याला इतकी खात्री, की त्याने मॉडेलला नाव दिलं एम१९४०.

सैन्याला यंत्र आवडलं, माणूस झेपला नाही. सैन्याने बदल सुचवायचे, ख्रिस्टीने ते धुडकावायचे. सैन्याला जाड चिलखत आणि ठरल्याप्रमाणे माल हवा होता, याला वेग हवा होता आणि पुढचं मॉडेल आधीच डोक्यात तयार असायचं. शेवटी त्याला मोजकीच ऑर्डर मिळाली. पुष्कळ लेखांत त्याला लाल फितीचा बळी म्हणतात. आम्हाला ते पूर्ण पटत नाही. पोलंडने आगाऊ पैसे देऊनही रणगाडा वेळेवर मिळाला नाही आणि ते पैसे त्याला परत करावे लागले. यात अमेरिकन सैन्याचा काय दोष?

पैशांची चणचण होतीच. १९३० च्या शेवटी त्याने दोन रणगाडे बुरूज न लावता सोव्हिएत रशियाला पाठवले. अमेरिकेने तोवर त्या सरकारला मान्यताही दिली नव्हती, म्हणून कागदोपत्री माल दाखवला शेतीचे ट्रॅक्टर. खारकोव्हच्या कारखान्याने त्यावरून बीटी मालिका काढली. १९३६ मध्ये रशियन सैन्याच्या सरावात या गाड्या उधळताना ब्रिटिश अधिकारी मार्टेल याने पाहिल्या आणि ब्रिटननेही मॉरिस कंपनीच्या लॉर्ड नफिल्डमार्फत ख्रिस्टीकडून एक रणगाडा मिळवला. क्रुसेडर आणि क्रॉमवेल हे ब्रिटिश रणगाडे त्याच सस्पेन्शनवर धावले. दरम्यान ख्रिस्टी स्वतः विमानासारखे पंख लावून उडवायच्या रणगाड्याच्या मागे होता.

१९४० मध्ये टी-३४ आला. पट्टे काढून पळायची सोय, म्हणजे ख्रिस्टीचा लाडका मुद्दा, रशियनांनी सरळ काढून टाकला. सस्पेन्शन तेवढं ठेवलं, त्यावर उतरतं चिलखत आणि डिझेल इंजिन स्वतःचं चढवलं. युद्ध संपेपर्यंत असे पन्नास हजारांहून जास्त रणगाडे बनले.

११ जानेवारी १९४४ ला ख्रिस्टी व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्च इथे वारला. हाताशी पैसा फारसा उरला नव्हता. त्या लांब स्प्रिंगा हलच्या आतली बरीच जागा खात, हे टी-३४ चालवणाऱ्यांचं जुनं दुखणं होतं. त्याच सुमारास रशियात टी-४४ ची तयारी चालू होती. त्यात ख्रिस्टीच्या स्प्रिंगा काढून तळाशी टॉर्शन बार टाकले, मोकळ्या झालेल्या जागेचा फायदा घेतला आणि इंजिन आडवं बसवलं.