अ‍ॅलन शुगार्ट: दुरुस्ती करता करता हार्ड डिस्क घराघरात पोहोचवणारा इंजिनिअर

फोनचं स्टोरेज फुल झालं की तुम्ही काय करता? वेळापूरला आमच्या घरी एकच उपाय असायचा, फोटो पीसीत टाकायचे. माउलींची पालखी आमच्या गावात मुक्कामाला असते, त्यामुळे वारीचे फोटो ढीगभर. एक दिवस पीसीतून टकटक आवाज यायला लागला. मी डिस्क कंपनीचं टूल डाउनलोड केलं. टेस्ट फेल आली आणि बॅकअप न घेताच मी रिपेअरचं बटण दाबलं. पालखीसोबत चालणाऱ्या आजोबांचे दोन वर्षांचे फोटो गेले. चूक माझीच होती.

त्यानंतर हार्ड डिस्कबद्दल वाचायला लागलो आणि एक नाव सारखं समोर यायला लागलं: अ‍ॅलन शुगार्ट.

हातात पाना घेऊन सुरुवात

शुगार्ट यांचा जन्म 27 सप्टेंबर 1930 रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. 1951 मध्ये पदवी घेतली आणि लगेच आयबीएममध्ये नोकरी धरली. काम काय, तर ग्राहकाकडे जाऊन बंद पडलेली मशीन दुरुस्त करायची. 1955 मध्ये त्यांची बदली सॅन होजेच्या प्रयोगशाळेत झाली. तिथे रॅमॅक तयार होत होतं. 1956 मध्ये बाजारात आलेल्या या मशीनमध्ये 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि जागा साधारण 5 एमबी. म्हणजे आजच्या फोनमधला एखादाच फोटो!

पुढे त्यांच्या हाताखालच्या टीमने 8 इंची फ्लॉपीवर काम सुरू केलं. 1969 मध्ये ते आयबीएम सोडून मेमोरेक्समध्ये गेले. 1973 मध्ये स्वतःची शुगार्ट असोसिएट्स काढली, पण वर्षभरातच आपल्याच नावाच्या कंपनीतून त्यांना बाहेर पडावं लागलं. मग काय? गड्याने काही वर्षं मासेमारीची बोट चालवली, बारही चालवला.

5 एमबीची क्रांती

1979 मध्ये फिनिस कॉनर आणि इतर काही जणांसोबत त्यांनी पुन्हा कंपनी उभी केली. तीच आजची सीगेट. 1980 मध्ये एसटी-506 आली: जागा तीच 5 एमबी, पण आकार सव्वापाच इंची, टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बसणारा. तिचीच 10 एमबीची पुढची आवृत्ती 1983 च्या आयबीएम पीसी एक्सटीमध्ये होती.

पण ती बसवणं म्हणजे डोक्याला ताप. डिस्कचं नियंत्रण करणारं सर्किट वेगळ्या कार्डावर असायचं. सिलिंडर किती, हेड किती, हे आपण सांगायचं. खराब ट्रॅकची यादी डिस्कवरच्या लेबलवर छापलेली असायची, ती बघून हाताने भरायची. नंतर कंट्रोलर डिस्कवरच आला आणि 1990 च्या दशकात स्मार्ट नावाची पद्धत रुळली. डिस्क स्वतःच्या चुका स्वतः मोजायला लागली.

कंपन्यांची टूल्स हीच नोंद वाचतात. सीगेटचं सीटूल्स डिस्क तपासतं, डिस्कविझार्ड नवी डिस्क तयार करतं आणि जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतं. शॉर्ट टेस्ट काही मिनिटांत होते. लाँग टेस्ट पूर्ण पृष्ठभाग वाचते, तिला कित्येक तास लागू शकतात. आणि रिपेअर? त्यात टूल खराब सेक्टरवर नव्याने लिहितं. डिस्क कदाचित पुढे चालेल, पण त्या सेक्टरमधला डेटा कायमचा जातो. माझे फोटो असेच गेले.

पुन्हा एकदा बाहेर

शुगार्ट माणूस वल्ली होता. 1996 मध्ये त्यांनी आपल्या अर्नेस्ट नावाच्या कुत्र्याला अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुकीत उतरवायचा प्रयत्न केला होता! 1998 मध्ये सीगेटच्या संचालक मंडळाने त्यांना काढून टाकलं. स्वतः उभ्या केलेल्या कंपनीतून बाहेर पडायची ही दुसरी वेळ. 12 डिसेंबर 2006 रोजी त्यांचं निधन झालं.

मला त्यांच्या गोष्टीत सगळ्यात जवळचा वाटतो तो 1951 मधला पोरगा, लोकांच्या बंद मशीनसमोर उभा असलेला. नोकरी गेली तरी शुगार्ट यांना पुन्हा सुरुवात करता आली, दोन-दोनदा. पुसलेल्या सेक्टरला ती संधी नसते.

म्हणून डिस्क आवाज करायला लागली, तर क्रम लक्षात ठेवा:

1. आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करा.
2. मग स्मार्ट आणि शॉर्ट टेस्ट.
3. त्यानंतर लाँग टेस्ट.
4. रिपेअर अगदी शेवटी, आणि तेही डिस्कमध्ये गमावण्यासारखं काही उरलं नसेल तरच.

आणि डिस्क ओळखलीच जात नसेल किंवा टकटक थांबत नसेल, तर टूल चालवत बसू नका. पीसी बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. आमच्या घरी आता वारीचे फोटो दोन डिस्कवर असतात. आजोबांचे जे उरलेत, तेसुद्धा.