आजाराचं नाव

फ्लॅनरी ओकॉनर हे नाव आपल्याकडे फारसं कानावर पडत नाही. अमेरिकेत मात्र तिच्या कथा कॉलेजात शिकवल्या जातात. मला तिच्या कथांपेक्षाही तिचं जगणं जास्त भिडलं.

१९२५ साली जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात ती जन्मली. ती पंधरा वर्षांची असताना वडील ल्युपसनं गेले. रोगाशी लढणारी शरीराची ताकद आपल्याच अवयवांवर उलटते, तो हा आजार. पुढे १९५० च्या डिसेंबरात, ऐन पंचविशीत, फ्लॅनरीच अंथरुणाला खिळली. निदान झालं, तोच आजार! पण आईनं तिला ते कळूच दिलं नाही. संधिवात आहे, एवढंच सांगितलं. याच दुखण्यात नवरा गमावलेली ती माउली, तिला दोष तरी कसा द्यायचा?

शेवटी १९५२ च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीनं धीर करून खरं सांगितलं. फ्लॅनरीनं मग परगावी राहायचा बेत सोडला आणि मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आईकडेच कायमची राहिली. रोज सकाळी दोन-तीन तास लेखन, बाकी विश्रांती. इंजेक्शन स्वतःच टोचून घ्यायची. १९५५ पासून कुबड्या आल्या, तरी हौसेनं मोर पाळले! दोन कादंबऱ्या आणि तीसेक कथा लिहून १९६४ मध्ये, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ती गेली. दवाखान्यातही लिहिलेले कागद उशीखाली दडवायची म्हणे.

आपल्या घरांतूनही असंच चालतं, नाही का? मुलीचं लग्न ठरायचंय, म्हणून आजाराचं नावच घ्यायचं नाही. पण नावच माहीत नसेल, तर तिनं स्वतःला जपायचं कसं?

ल्युपस झालेल्या दहांपैकी नऊजणी बायकाच असतात, बरं का. सांधे दुखणं, सततचा थकवा, बारीक ताप, तोंडात फोड, केस गळणं, उन्हात गेलं की गालांवर फुलपाखरासारखा लाल चट्टा, अशी लक्षणं अंगावर काढू नका. संधिवाताच्या तज्ज्ञाला दाखवा. रक्त-लघवी तपासून घ्या. हा आजार संसर्गानं पसरत नाही. पुरता बरा होत नसला तरी आज चांगली औषधं आहेत. वेळेवर उपचार घेतले, तर अनेकजणी नोकरी, संसार, बाळंतपण सगळं निभावतात. मात्र औषधं मनानं बंद करायची नाहीत, आणि मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलायचं.

आणि घरातल्या मोठ्यांनो, लेकीला खरं सांगा. ते पेलायची ताकद तिच्यात असते.